टेक्निकल रायटिंगमधलं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या लिखाणात, येऊ पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरांत माहितीबरोबर मतंही आहेत. काही मतं या क्षेत्रातल्याच इतरांना पटणार नाहीत, त्याला इलाज नाही.

टेक्निकल रायटर दिवसभर नेमकं काय करतो?

लिहितो, पण बाहेरून वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. नवं फीचर येणार असेल तर आधी त्याचं स्पेसिफिकेशन (काय बांधायचं याचा तपशील) वाचायचं, टेस्ट सर्व्हरवर ते स्वतः चालवून बघायचं, जिथे अडकलो ती जागा टिपून ठेवायची आणि ती घेऊन डेव्हलपरकडे किंवा टेस्टरकडे जायचं. मग मसुदा, रिव्ह्यू, दुरुस्त्या. आणि रिलीजच्या आदल्या दिवशी कुणीतरी बटणाचं नाव बदलतं, की पुन्हा सगळे स्क्रीनशॉट.

यातली कळीची पायरी अडकण्याची आहे. ज्याने फीचर बांधलं त्याला ते न कळण्याची सोयच उरलेली नसते. तुम्हाला ती असते, पण थोडेच दिवस. पहिल्यांदा स्क्रीन उघडल्यावर कुठे गोंधळ उडाला, कोणता शब्द कळला नाही, कुठलं बटण दाबायला भीती वाटली, हे आठवड्याभराने आठवत नाही. तोवर तुम्हालाही सगळं उघड वाटायला लागतं. म्हणून नव्या माणसाला मी एकच सांगतो: समजून घ्यायची घाई करू नका, आधी काय समजलं नाही ते लिहून काढा. पुढे चांगलं पान लिहिलं जातं ते त्या यादीतून.

हे डेव्हलपर स्वतः का लिहीत नाहीत?

लिहितात, आणि काही फार उत्तम लिहितात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल १९७१ साली आलं, ते ती प्रणाली बांधणाऱ्यांनीच लिहिलं होतं. त्यातल्या पानांवर ‘बग्ज’ असं स्वतंत्र शीर्षक असे आणि त्याखाली आपल्याच प्रोग्रॅममधल्या उणिवा सरळ मांडलेल्या असत. इतका प्रामाणिकपणा आजच्या कित्येक कंपन्यांच्या रिलीज नोट्समध्ये (नव्या आवृत्तीतले बदल सांगणाऱ्या टिपांत) सापडत नाही.

पण ती पानं वाचणारेही प्रोग्रॅमरच होते. वाचणारा आणि लिहिणारा एकाच जातकुळीचा नसेल, की मधे कुणीतरी लागतो.

कोडिंग यायलाच हवं का?

लिहिता आलं नाही तरी चालेल, वाचता यायला हवं. दुसऱ्याचा पंधरा-वीस ओळींचा कोड बघून ‘हे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) रिकाम्या यादीवर काय करेल?’ असा प्रश्न पडला, तर सुरुवातीपुरतं पुरे. कमांड लाइन (आदेश टाइप करून संगणक चालवणं), फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या गिटचे रोजचे आदेश, डेटा लिहायच्या जेसन आणि यामल फाइलींची रचना, वेब सर्व्हर उत्तरात पाठवतो ते एचटीटीपीचे स्टेटस कोड इतकं हाताशी असावं. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते सर्व्हरला पटलेलं नाही. ४०३ म्हणजे कोण ते कळलं, पण परवानगी नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये या दोहोंची गल्लत झाली, तर वाचणारा तासभर पासवर्ड बदलत बसतो आणि खरी अडचण असते परवानगीची.

डेव्हलपरांसाठी लिहायचं असेल तर पायथन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एक भाषा थोडी खोलात शिका. उदाहरणं तुम्हालाच लिहावी लागतात, आणि चालवूनही बघावी लागतात. न चालवलेलं उदाहरण छापू नये, या नियमाला मी अपवाद मानत नाही.

इंग्रजी फर्डं नसेल तर?

बहुतेक सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन आधी इंग्रजीत लिहिलं जातं, तेव्हा इंग्रजी लागतंच. पण ललित इंग्रजी नव्हे. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’ नावाचं एक नियंत्रित रूप १९८० च्या दशकात तयार झालं, आज ते एएसडी-एसटीई१०० या नावाने चालतं. सूचनेच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५, आणि शब्दकोशातल्या प्रत्येक मान्य शब्दाचा शक्यतो एकच अर्थ, असे त्याचे नियम आहेत. हॅंगरमधे पुस्तिका वाचणाऱ्या कित्येकांची इंग्रजी मातृभाषा नसते, म्हणून हा खटाटोप.

सॉफ्टवेअरवाले इतके कडक नसतात, पण दिशा तीच. मोठमोठी वाक्यं आणि कर्मणी प्रयोग यांचा सोस असणाऱ्यांना इथे बरंच विसरावं लागतं. इंग्रजी शिकून आलेल्याला तो सोसच नसतो, हा त्याचा फायदा. व्याकरण मात्र पक्कं हवं; कर्ता कोण, क्रियापद कुणाचं, यात घोळ झाला की सूचनाच उलटी होते.

चांगली सूचना आणि वाईट सूचना यांत फरक काय? एखादं उदाहरण?

हे घ्या, कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडेल असं वाक्य: ‘आवश्यक ते कॉन्फिगरेशन पूर्ण करून सेवा पुन्हा सुरू करण्यात यावी.’

आता वाचणाऱ्याच्या जागी बसा. आवश्यक म्हणजे कोणतं? कुठल्या फाइलमध्ये? सेवा पुन्हा सुरू करताना चालू असलेली कामं तुटतील का? सुरू झाली हे कळणार कसं? त्याऐवजी असं लिहिता येतं:

‘सेवा पुन्हा सुरू होताना सगळे वापरकर्ते सुमारे एक मिनिट लॉगआउट होतात. आधी त्यांना कळवा. १. सेटिंग्जच्या फाइलमध्ये पोर्टचा क्रमांक बदला. २. फाइल सेव्ह करा. ३. सेवा पुन्हा सुरू करा. स्टेटसमध्ये रनिंग दिसलं की काम झालं.’

शब्द वाढले आहेत, हे लक्षात घ्या. ‘कमीत कमी शब्दांत लिहा’ हा सल्ला अर्धवट आहे. इशारा पायरीच्या आधी आला, प्रत्येक पायरीत एकच कृती राहिली आणि शेवटी काय दिसायला हवं ते सांगितलं, हा खरा बदल. इशारा तिसऱ्या पायरीनंतर दिला असता तर तो वाचेपर्यंत लोक लॉगआउट झालेले असते.

डॉक्युमेंटेशनचे प्रकार किती? सगळे शिकावे लागतात का?

डॅनिएले प्रोचिदा यांनी मांडलेली ‘डायाटॅक्सिस’ ही चौकट सध्या बरीच वापरली जाते. तिच्यात चार प्रकार आहेत: नवख्याला हाताला धरून शिकवणारं ट्युटोरियल, ठरावीक काम उरकून देणारं हाऊ-टू, संदर्भासाठी रेफरन्स आणि ‘हे असं का आहे’ ते सांगणारं विवेचन. चौकट चांगली आहे; लोक तिची पोथी करतात ते चांगलं नाही. तिचा खरा उपयोग बिघडलेलं पान दुरुस्त करताना होतो. एखादं पान वाचवत नसेल, तर बहुतेकदा त्यात यांतले तीन प्रकार एकमेकांत कालवलेले असतात. पायऱ्या चालू असताना मधेच आर्किटेक्चरचा इतिहास येतो, तो उचलून दुसऱ्या पानावर नेला की अर्धं काम होतं.

कोणती टूल्स शिकू?

इथे दोन घराणी आहेत. मोठ्या यंत्रसामग्रीच्या, वैद्यकीय उपकरणांच्या किंवा दूरसंचाराच्या कंपन्यांत डिटा चालतं. हे एक्सएमएलवर (मजकुराला खुणा करायच्या भाषेवर) आधारलेलं मानक आयबीएममध्ये जन्मलं आणि २००५ साली ओएसिस या संस्थेने स्वीकारलं. मजकूर छोट्या टॉपिकांत तोडायचा आणि तोच टॉपिक दहा मॅन्युअलांत वापरायचा, ही त्यामागची कल्पना. मॅडकॅप फ्लेअर, फ्रेममेकर, ऑक्सिजन ही टूलची नावं याच बाजूच्या नोकरीच्या जाहिरातींत दिसतील.

दुसरं घराणं ‘डॉक्स ॲज कोड’चं, म्हणजे डॉक्युमेंटेशन कोडसारखंच सांभाळायचं. मजकूर मार्कडाउनसारख्या साध्या फाइलींत, फाइली गिटमध्ये, बदल पुल रिक्वेस्टने (‘माझा बदल तपासून आत घ्या’ अशा विनंतीने), आणि साइट स्फिंक्स, डॉक्युसॉरस किंवा ह्यूगो यांपैकी कशातून तरी बांधलेली. वेल नावाचा लिंटर, म्हणजे चुका शोधणारा प्रोग्रॅम, शैलीचे नियम आपोआप तपासतो. मार्कडाउन २००४ साली जॉन ग्रूबर यांनी आणलं आणि ते अर्ध्या दिवसात शिकून होतं. सॉफ्टवेअर कंपनीत जायचं असेल तर हाच रस्ता धरा.

टूलच्या नावावर नोकरी मिळते हे काही ठिकाणी खरं आहे, पण तिथेही तीन-चार वर्षांत टूल बदलतं. एका घराण्यातलं एक टूल नीट शिका आणि थांबा.

एपीआय डॉक्युमेंटेशनला एवढी मागणी का? ते आपोआप तयार होत नाही का?

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे काही मागायची ठरलेली पद्धत. तिच्या डॉक्युमेंटेशनचा सांगाडा आपोआप तयार होतो. कोडमधून किंवा ओपनएपीआयच्या (एपीआयचं वर्णन करायच्या मानकाच्या) फाइलीतून एंडपॉइंटची (विनंती पाठवायच्या पत्त्यांची) यादी, पॅरामीटर (विनंतीबरोबर द्यायच्या किमती), त्यांचे प्रकार हे सगळं सुबक छापून येतं. मग त्यात असं काहीतरी दिसतं: ‘लिमिट: इंटिजर (पूर्णांक), ऐच्छिक. लिमिट किती ते सांगते.’

इथून तुमचं काम सुरू होतं. लिमिट दिलंच नाही तर किती रेकॉर्ड येतात? शून्य दिलं तर? ऋण दिलं तर? कमाल किती? समजा कमाल १०० आहे आणि कुणी १००० मागितले, तर एरर येते, की सर्व्हर काही न बोलता १०० च देतो? पोस्टमन (एपीआयला विनंती पाठवून बघायचं टूल) उघडून १००० मागून बघा. उत्तर २०० ओके (सगळं ठीक असं सांगणारा स्टेटस कोड) आणि रेकॉर्ड १०० असं आलं, तर तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट सापडली आहे. कारण कुठेतरी एखाद्या प्रोग्रॅमरने ‘मागितले त्यापेक्षा कमी आले, म्हणजे हे शेवटचं पान’ असं गृहीत धरून लूप लिहिलेला असणार. त्याचा प्रोग्रॅम पहिल्या शंभरांवर थांबेल, एरर कुठेच दिसणार नाही, आणि उरलेला डेटा आलाच नाही हे महिन्याभराने हिशेब जुळेना तेव्हा कळेल. डॉक्युमेंटेशनमधलं एक वाक्य हे टाळू शकतं. ते वाक्य कोडमधून आपोआप निघत नाही, कारण कोड लिहिणाऱ्याला तो प्रश्न पडलेलाच नव्हता.

पुष्कळदा असं विचारल्यावर डेव्हलपर म्हणतो, ‘अरेच्चा, इथे एररच यायला हवी,’ आणि कोडच बदलतो. तेव्हा ते वाक्य तुम्हाला लिहावंच लागत नाही. श्रेय मिळेलच असं नाही.

डॉक्युमेंटेशन कोणी वाचतं का?

सुखात कुणी वाचत नाही. अडलेला माणूस वाचतो, आणि तोही उभ्याउभ्या, मधूनच.

याचं टोकाचं उदाहरण थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचं आहे. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाला, काहींचा मृत्यू झाला. मूळ कारण सॉफ्टवेअरमधल्या चुका आणि काढून टाकलेली हार्डवेअरची सुरक्षा हे होतं. पण स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला तेव्हा ऑपरेटरच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला नव्हता. असले संदेश रोजच येत आणि एक बटण दाबून काम पुढे नेता येई. ऑपरेटरने तेच केलं. एरर कोडच्या कंटाळवाण्या तक्त्यासाठी वेळ मागताना मला हे प्रकरण नेहमी आठवतं. तुमच्या उत्पादनात जिवावर बेतणारं काही नसेल, तरी एररची यादी हीच सगळ्यात जास्त शोधली जाणारी पानं असतात, हे सर्च लॉग उघडून पाहिलं तर दिसेल.

अनुभव नाही, तर नमुने कुठून आणू?

ओपन सोर्समधून, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पांतून. तुम्ही खरोखर वापरता असा एखादा प्रकल्प निवडा, त्याचं इन्स्टॉलेशनचं पान कोऱ्या मशीनवर ओळीओळीने करून बघा. जिथे पान आणि प्रत्यक्ष यांत फरक पडेल तिथे पुल रिक्वेस्ट टाका. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांनी सुरुवात करायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. मुलाखत घेणारा त्या बघून पुढे जातो.

नमुने तीनच असू द्या, पण वेगवेगळ्या धाटणीचे. त्यांतला एक ‘आधी आणि नंतर’ असा हवा: जुनं पान, तुमचं पान, आणि काय का बदललं याच्या चार ओळी. ब्लॉगवरचे ‘क्लाउड म्हणजे काय’ छापाचे लेख नमुना म्हणून देऊ नका. ते विषय समजावतात. एखादं काम करून देत नाहीत, आणि समोरच्याला तेच बघायचं असतं.

प्रमाणपत्र घ्यावं का?

बहुतेकांना गरज नाही. या क्षेत्रातली जुनी अमेरिकी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, प्रमाणपत्रं देत असे; ती जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली. युरोपात टेकॉम ही संस्था आहे, जर्मनीत तिला वजन आहे. सुरुवातीला गूगलचे टेक्निकल रायटिंगचे मोफत कोर्स करा, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शैलीपुस्तिका वाचा. दोन्ही खुल्या आहेत. ‘राइट द डॉक्स’ या समूहाच्या परिषदांची रेकॉर्डिंग्जही फुकट बघता येतात. महागडा कोर्स घेण्याआधी त्यात तुमच्या लिखाणावर कोणी माणूस प्रत्यक्ष खुणा करून देणार आहे का, एवढं विचारा. देणार नसेल तर पैसे वाचवा.

मुलाखतीत काय विचारतात?

जवळपास हमखास लेखनाची चाचणी असते. एखादं गबाळं स्पेसिफिकेशन किंवा ईमेलची साखळी देतात आणि त्यातून एक पान करायला सांगतात. त्यात मुद्दाम विसंगती पेरलेली असते: एकीकडे वेळेची मर्यादा ३० सेकंद, दुसरीकडे ६०. नवखे उमेदवार एक आकडा निवडून सुंदर पान लिहितात. अनुभवी माणूस मसुद्याबरोबर प्रश्नांची यादी देतो. चाचणी बघताना मी आधी ती यादी वाचतो, पान नंतर.

चाचणीच्या नावाखाली कंपनीचं खरं, चार दिवसांचं काम फुकट करून मागत असतील तर नम्रपणे नाही म्हणा.

डेव्हलपर वेळच देत नाहीत. काय करायचं?

‘हे फीचर मला समजावून सांगाल का?’ असं विचारलं की मीटिंग पुढच्या आठवड्यावर जाते. चुकीचा का होईना, मसुदा लिहून ‘यात दुसरा परिच्छेद बरोबर आहे का?’ असं विचारा. चूक दिसली की इंजिनिअरला स्वस्थ बसवत नाही. उत्तर दहा मिनिटांत येतं. दुसरं म्हणजे विचारण्याआधी स्वतः करून बघा आणि काय केलं, काय दिसलं ते लिहा. तिसऱ्यांदा तुम्ही असं विचारलंत की तेच लोक तुम्हाला डिझाइनच्या चर्चेला बोलवायला लागतात.

एआयमुळे हे काम राहणार का?

काही कामं गेलीच आहेत. तयार माहितीला बरं इंग्रजी चढवणं, फंक्शनवरून पहिलं वर्णन काढणं, रिलीज नोट्सचा कच्चा मसुदा, यासाठी आता कोणी माणूस ठेवणार नाही. ज्यांचं काम एवढंच होतं त्यांना धक्का बसला आहे, आणि ‘घाबरू नका’ असं सांगणं लबाडी ठरेल. नवख्यांच्या जागाही आधी याच कामांच्या असत, त्यामुळे आत शिरण्याचा दरवाजा अरुंद झाला आहे.

उरतं ते वरच्या लिमिटच्या गोष्टीतलं काम. मॉडेलला जे कुठेही लिहिलेलं नाही ते ठाऊक नसतं, आणि त्याला अडकल्याची लाज वाटत नाही. मधली फट ते पटणाऱ्या वाक्याने बुजवून टाकतं. असा मसुदा तपासणं हे स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड आहे, कारण चूक वाक्यात दिसत नाही, यंत्रावर करून पाहिल्यावरच दिसते.

आणखी एक बदल: तुमचं पान आता चॅटबॉटही वाचतो आणि त्यावरून ग्राहकाला उत्तर देतो. अशा साधनांना साइटची ओळख करून देणारी ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ फाइल ठेवण्याची कल्पना २०२४ मध्ये पुढे आली. फाइल ठेवा न ठेवा, पान जुनं असेल तर चुकीचं उत्तर शंभर जणांना एकाच आत्मविश्वासाने मिळणार. जुनी पानं काढून टाकणं हे आजवर कुणाच्याच कामात धरलं जात नव्हतं, ते आता धरावं लागतं आहे.

दुसऱ्या क्षेत्रातून येता येतं का?

येतं, आणि कस्टमर सपोर्टमधून आलेल्यांचा हात सहसा कुणी धरू शकत नाही. लोक कुठे अडतात हे त्यांना तोंडपाठ असतं. टेस्टर आणि शिक्षकही चटकन रुळतात. पत्रकारांना माहिती काढता येते, पण स्वतःचं वाक्य कापलं जाण्याचं दुःख त्यांना थोडे दिवस होतं.

पुढे वाढ कशी होते?

पदांची नावं जागोजागी वेगळी: सीनियर, लीड, डॉक्युमेंटेशन मॅनेजर, इन्फॉर्मेशन आर्किटेक्ट. साइट बांधणं, चाचण्या ऑटोमेट करणं आवडत असेल तर डॉक्युमेंटेशन इंजिनिअर. बटणांचे आणि संदेशांचे शब्द ठरवणं आवडत असेल तर यूएक्स रायटिंग. काही जण प्रॉडक्ट मॅनेजर होतात. अख्ख्या उत्पादनाची सगळी टोकं ठाऊक असणारी माणसं कंपनीत मोजकी असतात, त्यांत रायटर असतोच.

पहिली नोकरी शक्यतो जिथे आणखी दोन-तीन रायटर आहेत तिथे घ्या. पूर्ण कंपनीत एकटे असाल तर स्वातंत्र्य भरपूर मिळतं, पण तुमचं लिखाण कापणारं कुणी नसतं.

घरून किंवा फ्रीलान्स काम मिळतं का?

घरून, हो, सहज. फ्रीलान्स मात्र अनुभवानंतर. करारात रिव्ह्यूच्या किती फेऱ्या आणि मंजुरी कोण देणार ते लिहून घ्या. पैसे अडकतात ते बहुतेक याच दोन गोष्टींवर.

आपलं काम चांगलं झालं हे मोजायचं कसं?

पानाच्या भेटींवरून नको. एखाद्या पानावर लोक आठ मिनिटं थांबतात, याचा अर्थ ते रंगून वाचताहेत असा क्वचितच असतो. साइटवरच्या शोधात शून्य निकाल मिळालेले शब्द दर आठवड्याला बघा. वाचणारा कोणत्या नावाने गोष्ट शोधतो आणि तुम्ही तिला काय म्हणता, हा फरक तिथे उघडा पडतो. सपोर्टच्या तिकिटांत एकाच प्रश्नाची संख्या पान सुधारल्यावर घटली का, ते तपासा. तेवढी आकडेवारी हाती नसेल तर नव्याने रुजू झालेल्या कुणाला तरी पान द्या, शेजारी बसा आणि काहीही बोलू नका.